दादा मागे आहे

ही गोष्ट खरी आहे.

खोटी रचायची असती तर मी ती अमावास्येच्या रात्री, आमच्या रेवदंड्याच्या खाडीवर घडवली असती. तिथे माणसाला पाण्यात ओढणारा गिऱ्हा आहे असं लहानपणापासून ऐकतेय, त्यामुळे मला फारसं काही करावंच लागलं नसतं.

पण ही दिवसाढवळ्या घडली. गेल्या ऑक्टोबरात. आफ्रिकेतल्या किलीमांजारो डोंगरावर... आणि त्याच वेळी अलिबागच्या एका हॉस्पिटलात.

दोन्हीकडे एकदम.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं त्या डोंगरावर बधिर झाली, ती अजून तशीच आहेत. आता हे टाईप करतानासुद्धा अक्षर उमटलं की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. बोटाला कळत नाही.

मी अनुसूया. चौलला आमची नारळी-सुपारीची वाडी आहे. तिथल्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते. स्वयंपाक आईकडून शिकले, इंग्रजी पर्यटकांकडून. त्यामुळे माझं इंग्रजी 'हॉट वॉटर' आणि 'फिश फ्राय'च्या पलीकडे फारसं जात नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढे कळेल का ते.

डोंगराचं खूळ माझं नव्हतं. नलूताईचं होतं.

नलूताई माझी मोठी बहीण. शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाली आणि गड चढायला लागली. आम्ही दोघीच. भाऊ नाही. तोंडावळा इतका सारखा, की बाजारात कोळणी तिच्याशी सुरू केलेलं भांडण माझ्याशी पुरं करायच्या. दोघींचं नाक वडिलांचं. पुरुषाला शोभलं असतं असं.

अलिबागचा सलिल आमच्यासारख्या बायकांना ट्रेकला नेतो. वयाने तो आमच्या मुलांएवढा, पण सगळ्या त्याला सलिलदादा म्हणतात. मीही म्हणते. आपल्याकडे रिक्षावाला दादा, कंडक्टर दादा, गॅस सिलिंडर आणणारा दादा. भाऊ नसला तरी दादांची कमतरता नाही.

नलूताईने दोघींची नावं दिली. एक तंबू, दोघींत.

आणि जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी तिच्या हृदयाची झडप नीट नाही म्हणून सांगितलं. औषधं घ्या, घरी आरामात राहा, उंचावर जायचं नाव काढू नका.

मीही नाव मागे घेते म्हटलं. तशी ती भडकली.

"मी जात नाही म्हणून तू घरी बसणार? मग मी मेल्यावर जेवणंपण सोडशील!"

ती मला सोडायला मांडव्याला जेट्टीपर्यंत आली. सोबत तिची मुलगी जागृती. नलूताईने माझ्या हातात खडीसाखरेची पुडी कोंबली. घसा कोरडा पडला की ती खडीसाखर तोंडात टाकायची. चघळायची नाही, दाढेखाली कडाकडा फोडायची. तिच्या वर्गातली मुलं त्या आवाजानेच गप्प बसत, असं म्हणतात.

"हळू चाल," ती म्हणाली. "तुला पुढे पळायची खोड आहे. मागच्याची वाट कधी बघत नाहीस."

"मागे कोण असणार? तू तर इथे."

"आणि निघताना हाक मारायला विसरू नकोस."

ही आमच्या आईची रीत. समुद्रावरून, जत्रेतून, कुठूनही परत निघताना ती मागे वळून आम्हाला नावाने हाक मारायची. "नलूऽ, चल घरी! अनूऽ, चल घरी!" आम्ही तिचा पदर धरून उभ्या असलो तरी मारायची. अंग घरी येतं, पण जीव तिथेच खेळत राहतो, त्याला बोलवावं लागतं, असं तिचं म्हणणं. आणि नावानेच बोलवायचं. नुसतं 'चला' म्हणून चालत नाही.

"मारीन गं बाई," मी म्हटलं.

बोटीचा भोंगा झाला.

"बरं, येते," ती म्हणाली आणि वळली.

आपल्याकडे निघणारी बाई 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. ती घरी निघाली होती, म्हणून 'येते' म्हणाली. त्यात काहीच नव्हतं.

तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

*

डोंगराचं वर्णन करत बसत नाही. खाली जंगल, मग झुडपं, मग नुसते दगड. पुढे एक वाटाड्या, मागे एक. मागच्याचं काम म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याबरोबर चालायचं. म्हणजे माझ्याबरोबर.

त्याचं नाव गॉडलिसन. माझ्याच वयाचा, दाढीत पांढरे केस. भारतीय लोकांना नेऊन नेऊन "पानी पियो" आणि "चलो चलो" एवढं हिंदी त्याला येत होतं. बाकी तुटकं इंग्रजी. माझ्याएवढंच. त्यामुळे आमचं छान जमलं.

तो मला 'मामा' म्हणायचा.

पहिल्याच दिवशी माझी मैत्रीण किशोरीने मोबाईलवर बघून सांगितलं, त्यांच्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई.

"म्हणजे आमचे पेणचे मामा इकडे आले तर त्यांनी काय करायचं?" किशोरी म्हणाली.

खूप हसलो. दुसरा शब्द 'पोले पोले'. म्हणजे हळू हळू. तो दिवसभर कानावर पडायचाच.

हे दोन शब्द कळले आणि आम्ही थांबलो. बाकीचे शब्द कोणी बघितलेच नाहीत.

पुढे मोठं पठार लागलं. जेवण झालं आणि धुकं आलं. समुद्रावरचं धुकं आम्हाला ठाऊक आहे, पण ते ओलं असतं, त्याला वास असतो. ह्याला काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. पुढच्या बायका दिसेनाशा झाल्या. मग त्यांचे आवाजही बंद झाले.

मी आणि गॉडलिसन. आणि माझा श्वास.

आणि मग मागे...

कड्.

मी थांबले. कोणीतरी दाढेखाली खडीसाखर फोडली होती.

बुटाखाली दगड फुटला असेल. तिथे सगळे दगडच. मी पाऊल उचललं.

कड्. कडड्.

मी वळून बघितलं. पांढरं. गॉडलिसनही मागेच बघत होता. त्याने हात आडवा धरून मला थांबवलं.

"मामा, वेट," तो म्हणाला. "दादा मागे आहे" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणाला. "दादा टायर्ड."

दादा. म्हणजे सलिलदादा. मला बरं वाटलं. तो मागे राहिलाय, दमलाय, त्याच्या बुटांचा आवाज. आम्ही थांबलो. गॉडलिसन धुक्याकडे बघत राहिला आणि थोड्या वेळाने मान हलवून "ओके, चलो" म्हणाला.

कोणी आलेलं मला दिसलं नाही.

तळावर पोचलो तेव्हा सलिल सगळ्यांना चहा देत होता.

"तू मागे होतास ना रे?"

"मी? मी कधीचा आलोय काकू. तंबू लावून झाले."

"गॉडलिसन म्हणाला, दादा मागे आहे."

"हवा विरळ आहे, त्यालापण चढली असेल," सलिल म्हणाला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझ्या तंबूत मी एकटी. नलूताईची बाजू रिकामी. संध्याकाळी तंबूच्या दाराशी हात-पाय धुवायला गरम पाणी ठेवतात, प्रत्येकाला एक छोटं घमेलं.

माझ्या दाराशी दोन होती.

चुकून ठेवलं असेल. यादीत आधी दोघींची नावं होती ना. मी गॉडलिसनला एक बोट दाखवलं. फक्त मी. त्याने माझ्याकडे बघितलं, मग तंबूच्या आत बघितलं. मान हलवून गेला. घमेलं मात्र नेलं नाही.

सकाळी बघितलं तर दोन्ही घमेल्यांतलं पाणी गढूळ होतं.

खरं सांगते, मी घाबरले नाही. तिथे काही वाटतच नाही. भूक नाही, झोप नाही, भीती नाही. आपल्या आत कापूस भरलाय असं वाटतं. घरी फोन करावा असंही वाटलं नाही. थंडीत बॅटरी मरते म्हणून फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला होता, तो तसाच राहिला.

*

पुढे एक उभा कडा आहे. तिथे एके ठिकाणी खडकाला पोट लावून, त्याला मिठी मारल्यासारखं सरकावं लागतं. खाली बघायचं नाही म्हणतात. मी बघितलं. काही वाटलं नाही.

गॉडलिसन आधी पलीकडे गेला. त्याने हात दिला. मी धरला आणि पार झाले.

मग त्याने परत हात पुढे केला.

माझ्या मागे.

तिथे कोणी नव्हतं. आम्हीच शेवटचे. तो हात तसाच धरून उभा राहिला. बोटं मिटली. दंडावर ताण आला, कोणाला ओढून घेताना येतो तसा. मग हात सोडला आणि म्हणाला,

"गुड, दादा. पोले पोले."

सवय असेल, मी स्वतःला म्हटलं. दिवसभर हात देतो माणूस. आपणही रिकामी बादली भरलेली समजून उचलतोच की.

तेवढ्यात अगदी जवळ, माझ्या कानाशी...

कड्.

मी खिशातली पुडी बाहेर काढली. जेट्टीवर तिने दिली होती तशीच होती. दोरा बांधलेला. पण हाताला हलकी लागली. सोडून बघितली नाही. का नाही, ते आजही सांगता येणार नाही.

*

शेवटची चढाई अंधारात सुरू होते. त्याबद्दल मला फारसं आठवत नाही. पुढच्याचे बूट आणि बॅटरीचा गोल उजेड. डाव्या हाताची बोटं आहेत की नाहीत हे बघायला मी एकदा हातमोजा काढला होता म्हणे. किशोरीने ओरडून परत घालायला लावला.

उजाडलं तेव्हा आम्ही वरच्या जुन्या ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर होतो. तिथून खरा माथा अजून पुढे, काठाकाठाने. सलिल बाकीच्या बायकांना घेऊन पुढे निघाला. माझे पाय वाकायला तयार नव्हते.

"काकू, तुम्ही इथूनच खाली जा. हे पण शिखरच धरतात," सलिल म्हणाला. "गॉडलिसन आहे बरोबर."

ते गेले. खाली ढग, वर ऊन, वारा. मी दगडावर बसले. आपण आफ्रिकेच्या डोक्यावर बसलोय, असं मी मनात म्हणून बघितलं. काहीच झालं नाही.

थोड्या अंतरावर आणखी एक दगड होता. बसायला बरा. रिकामा.

गॉडलिसन पाण्याची बाटली घेऊन त्या दगडापाशी गेला. वाकला. थांबला. मग माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

"मामा. वी गो डाऊन नाऊ," तो म्हणाला. "कॉल दादा."

"काय?"

"दादा नॉट कमिंग. शी... यू कॉल. कॉल दादा, मामा. प्लीज."

हे मला आत्ता, लिहिताना आठवतंय. तो 'शी' म्हणाला होता. तेव्हा वाटलं, त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच. ही आणि शी, सगळं एकच.

मला वाटलं, खाली निघतोय हे सलिलला ओरडून सांगायला हवं. तसा नियम असेल. मी उठले. ते लोक काठावर लांब गेले होते, मुंग्यांएवढे. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता तेवढा श्वास गोळा करून ओरडले,

"दादाऽऽ! ओ दादाऽऽ! चलाऽऽ, मी निघाले!"

लांबवर कोणीतरी हात हलवला.

गॉडलिसन मात्र तिकडे बघतच नव्हता. तो त्या रिकाम्या दगडाकडे बघत होता. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"पोले, मामा. पोले साना."

मला वाटलं, हळू उतर म्हणतोय.

उतरताना मी आईच्या रीतीप्रमाणे हाक मारायला विसरले. स्वतःला नाही, कोणालाच नाही. घसा संपला होता.

आणि उतरताना मागे कसलाच आवाज नव्हता.

दगडांचासुद्धा.

*

डोंगराच्या पायथ्याशी फाटक आहे. तिथे गाणी म्हणतात, नाचतात. सलिल नाचत नव्हता. तो मला बाजूला घेऊन गेला आणि त्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

जागृती होती.

"मावशी..." ती म्हणाली, आणि रडत रडत सगळं सांगितलं.

आम्ही पठारावर होतो त्या दुपारी नलूताईला धाप लागली, अलिबागला नेलं. वर कळवू नका असं तिनेच बजावलं होतं. आणि मी काठावर बसले होते त्या सकाळी ती गेली.

मी फोन परत दिला. रडू आलं नाही. आत कापूस होता तो तसाच होता.

गॉडलिसन आला. त्याने टोपी काढून हातात धरली.

"पोले साना, मामा. फॉर युवर दादा."

"माझा दादा?" मी सलिलकडे बोट दाखवलं. "दादा इथेच आहे. तो बघ."

गॉडलिसनने मान हलवली.

"नो, मामा. सलिल इज काका. काका, ब्रदर." मग त्याने स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं, वरून खाली, वाकडं. आमच्या वडिलांचं नाक. "दादा, सिस्टर. सेम नोज."

त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण.

आणि पोले साना म्हणजे... वाईट झालं हो.

*

चौलला पोचले तोवर तिसरा दिवस होऊन गेला होता. नलूताईच्या खोलीत मी आणि जागृती बसलो होतो. पंखा फुल्ल, तरी घामाच्या धारा. खिशातली पुडी मी देवापुढे ठेवली आणि तेव्हा सोडली. दोरा तसाच, आत तळाशी नुसता चुरा.

"आईचे पाय बर्फासारखे झाले होते," जागृती म्हणाली. "एवढ्या उकाड्यात मी दोन-दोन मोजे घातले. तरी म्हणायची, थंडी वाजते. म्हणायची, धुकं फार आहे, अनू दिसत नाही."

पुडीचा दोरा मी बधिर बोटांना गुंडाळत बसले.

"एकदा हसलीसुद्धा. म्हणाली, तो दाढीवाला माणूस चांगला आहे गं, माझ्यासाठी थांबतो. कोण गं मावशी? हॉस्पिटलात दाढीवाला कोणी नव्हतं."

दोरा मी आणखी आवळला, बोटांना कळलं नाही.

"शेवटच्या सकाळी बरी वाटत होती. डॉक्टरपण म्हणाले, उतार आहे. उठून बसली. कान देऊन ऐकत होती, शाळेची घंटा होण्याची वाट बघावी तशी. मी म्हटलं, काय गं? तर म्हणाली, थांब, अनू हाक मारतेय. आता निघायचंच."

जागृतीने नाक पुसलं.

"मग तिचा चेहराच पडला. म्हणाली, मला नाही गं मारली. दादाला मारली." ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि आडवी झाली ती झालीच. मावशी, कुठला दादा? तुम्हाला तर भाऊच नाही ना?"

मी सांगितलं, आजारात माणूस काहीही बोलतो.

दुसरं काय सांगणार होते?

ह्याला आठ महिने होतील. किशोरी म्हणते, हवा विरळ असली की भास होतात. बरोबर आहे. मला झाले असतील. गॉडलिसन तिथेच जन्मलाय, त्याला कसे झाले? आणि अलिबागला हवा विरळ नाही, चांगली जाड आहे. फॅक्टरीचा वास येतो.

मी वाडीच्या कुंपणाशी उभी राहून हाक मारून बघितली. नावाने. "नलूऽ, चल घरी!" शेजारची भागुबाई धावत आली, म्हणाली, काय झालं गं बाय? इथून पोचत नसणार. ही हाक जिथून निघायचं तिथूनच मारावी लागते.

गेल्या आठवड्यात गॉडलिसनचा आवाजी मेसेज आला. मागे वारा होता. "मामा, हाउ आर यू. आय ॲम ॲट द टॉप." मग नुसता वारा. मग, "मामा, यू कम. यू कॉल गुड नेम."

आणि मेसेज संपता संपता, अगदी शेवटी...

कड्.

मी तो एकदाच ऐकला. दगडही असेल.

काल सलिलला फोन केला. ऑक्टोबरात परत जातोयस ना, माझं नाव घाल, म्हटलं. त्याने नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "काकू, तंबू एकटीला, की कोणाबरोबर?"

"दोघींत," मी म्हटलं.

जेट्टीवर ती 'येते' म्हणाली होती. आली की ती, सगळा डोंगर माझ्या मागे. दमली, पण आली.

हाक तेवढी चुकली.